दीड लाखाचा लॅपटॉप घ्यायचा का? आधी हा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी कॉम्प्युटर कसा निवडायचा ते बघितलं. पण महागड्या लॅपटॉपचा विषय पाच मिनिटांत उरकावा लागला, आणि खरं तर सगळ्यात जास्त पैसे तिथेच अडकतात. म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय.

मागच्या बॅचमध्ये एक तरुण मुलगा होता. कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडून दुकानदारांसाठी रील आणि प्रॉडक्टचे फोटो करून द्यायचं काम त्याला सुरू करायचं होतं. जमवलेले पैसे २,१०,०००. चहाच्या सुट्टीत जवळ आला आणि मोबाईलवर एका लॅपटॉपचा फोटो दाखवून म्हणाला, "सर, १,४५,००० चा आहे. घेऊ का? एकदाच चांगला घेतला की पाच वर्षं बघायला नको."

मी त्याला लगेच हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. कारण हेच वाक्य २०१८ मध्ये मी माझ्या आईला ऐकवलं होतं.

माझी चूक, जशी झाली तशी

तेव्हा सांगलीत माझं फक्त गिफ्ट आर्टिकलचं छोटं दुकान होतं. मग आणि टी-शर्टवर प्रिंटिंग सुरू करायचं डोक्यात होतं. बीबीए झालेलो, प्रेझेंटेशन छान करता यायचं, त्यामुळे आईला पटवणं अवघड गेलं नाही. तिच्या पाटल्या सोनेतारण ठेवल्या आणि १,३२,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. पातळ, चंदेरी, काउंटरवर ठेवला की गिऱ्हाईक वळून बघायचं. डिझाईन प्रोफेशनल करायचं तर मशीन प्रोफेशनल पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगायचो.

पुढे काय झालं? एका शाळेची स्नेहसंमेलनासाठी २०० मगची ऑर्डर आली. डिझाईन मी एका संध्याकाळी केलं. पण छापणार कशावर? मग प्रेस नव्हती, सब्लिमेशन प्रिंटर नव्हता. त्याचे पैसे लॅपटॉपमध्ये गेले होते. काम बाहेर दिलं. एका मगमागे माझ्या हातात ८ रुपये राहिले. म्हणजे सगळ्या ऑर्डरचे १,६००. छापणाऱ्याने माझ्याहून कितीतरी जास्त कमावले, आणि त्याच्याकडे तर जुना, पिवळा पडलेला डेस्कटॉप होता.

त्याच पैशांत मग प्रेस, टी-शर्टची हीट प्रेस, प्रिंटर आणि वर एक साधा कॉम्प्युटर आला असता. आणखी एक गोष्ट नंतर कळली. मी तेव्हा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत होतो. बिलातला सुमारे २०,००० रुपये जीएसटी मला परत मिळणार नव्हता. घेताना कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पाटल्या सोडवायला १९ महिने लागले. आई एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दोन दिवाळ्यांना तिचे हात मोकळे होते, ते मी बघत होतो.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये मी पुन्हा महागडा लॅपटॉप घेतला, १,१८,००० चा. आणि तो निर्णय बरोबर निघाला. माणूस तोच, किंमत साधारण तेवढीच. मग फरक कशात होता? दुसऱ्या वेळी लॅपटॉप कमी पडतोय हे काम मला सांगत होतं. पहिल्या वेळी ते मी स्वतःच ठरवलं होतं.

पायरी १: तुमचं काम कोणत्या गटातलं?

पहिला गट: बिलं, टॅली, एक्सेल, जीएसटी रिटर्न, ईमेल, व्हॉट्सॲप, कॅनव्हावर एखादी पोस्ट. बहुतेक दुकानदार, घरगुती उत्पादक, एजन्सीवाले इथे येतात. यांना १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि अलीकडच्या पिढीचा मधला प्रोसेसर भरपूर झाला. टॅलीतली एन्ट्री तुमच्या बोटांच्या वेगाने होते. लॅपटॉप दुप्पट किमतीचा घेतला म्हणून रिटर्न लवकर भरलं जात नाही.

दुसरा गट: लग्नपत्रिका, फ्लेक्स, पॅकेजिंगचं डिझाईन, प्रॉडक्ट फोटोंचं एडिटिंग. इथे रॅम आणि स्क्रीन महत्त्वाची. महागडं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही.

तिसरा गट: रोजचं व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, इंटिरियरचे रेंडर. इथे ताकद लागते, आणि हाय-एंड लॅपटॉपचा विचार खरं तर याच गटाने करायचा.

आणि लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर डेस्कटॉपचा विचार आधी करा. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि एखादा पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो. लाईट जाते म्हणून लॅपटॉप हवा असेल, तर दुकानात इन्व्हर्टर आहे का ते बघा. असेल तर तेही कारण उरत नाही.

पायरी २: तासांचा हिशोब

लॅपटॉप महाग आहे की स्वस्त, हे किमतीच्या पट्टीवरून कळत नाही. तो तुमचे किती तास वाचवतो आणि त्या तासाचं तुम्ही काय करता, त्यावरून कळतं. माझा २०२३ चा हिशोब सांगतो, तुम्ही तुमचे आकडे घाला.

तेव्हा खर्च जाऊन महिन्याला साधारण ३६,००० रुपये उरायचे. काम महिन्याला २४० तास. म्हणजे माझा एक तास १५० रुपयांचा.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक ५९,००० चा, एक १,१८,००० चा. आता मी रेग्युलर जीएसटीत आहे, त्यामुळे १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. ते वजा केलं तर खरी किंमत ५०,००० आणि १,००,०००. फरक ५०,००० चा. लॅपटॉप चार वर्षं वापरायचा धरला, म्हणजे ४८ महिने. ५०,००० भागिले ४८, महिन्याला साधारण १,०४२ रुपये.

मग प्रश्न एवढाच उरला, की महागडा लॅपटॉप मला महिन्याला १,०४२ रुपयांपेक्षा जास्त कमावून देईल का?

इथे स्वतःशी खोटं बोलू नका. आधी मी व्हिडिओ रेंडर व्हायला लागणारा सगळा वेळ "वाया गेला" म्हणून धरला होता. पण रेंडर लागलेला असताना मी गिऱ्हाईक बघत होतो. तो वेळ वाया जात नव्हता. खरा वेळ जात होता एडिटिंगला बसल्यावर, जेव्हा टाइमलाइन अडकायची आणि मी माऊस धरून नुसता बघत बसायचो. मी एक आठवडा वही ठेवली. असा अडकलेला वेळ निघाला आठवड्याला पावणेतीन तास. महिन्याला सुमारे ११ तास. ११ गुणिले १५० म्हणजे १,६५०.

१,६५० हे १,०४२ पेक्षा जास्त. म्हणून घेतला. आकडा उलटा आला असता तर घेतला नसता.

आणि एक अट. वाचलेला तास कामाला लागला तरच तो कमाईत धरायचा. अकरा तास वाचले आणि ते रील बघण्यात गेले, तर बचत शून्य.

पायरी ३: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

प्रोसेसर. नुसतं आय५, आय७ बघून भुलू नका. नावातल्या शेवटच्या अक्षराकडे बघा. उदाहरणार्थ आय५-१२३५यू आणि आय५-१२४५०एच. दोन्ही बाराव्या पिढीचे. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, कमी वीज खाणारा. एच म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा. तासभर सलग रेंडर करायचा असेल, तर यू वाल्या आय७ पेक्षा त्याच पिढीचा एच वाला आय५ पुढे निघू शकतो. दुकानात मात्र "सर, आय७ आहे" हे एकच वाक्य ऐकायला मिळतं.

रॅम. आज ८ जीबीवर नवीन लॅपटॉप घेऊ नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा: रॅम नंतर वाढवता येते का? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत. वाढवता येत असेल, तर १६ वर सुरू करून गरज पडेल तेव्हा ३२ करता येते.

स्क्रीन. या मुद्द्यावर कुणी बोलत नाही, आणि काही धंद्यांत खरा फरक इथेच पडतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बऱ्याचदा "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं. म्हणजे रंग फिके. तुम्ही साड्या, ड्रेस मटेरियल ऑनलाइन विकत असाल आणि अशा स्क्रीनवर फोटो एडिट करत असाल, तर तुम्हाला जो रंग मोरपंखी दिसतोय तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर वेगळाच दिसणार. माल परत आला की जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर. अशा कामाला "१०० टक्के एसआरजीबी" लिहिलेली स्क्रीन घ्या. इथे घातलेले चार-पाच हजार वसूल होतात. नाहीतर साध्या लॅपटॉपला चांगला बाहेरचा मॉनिटर लावा.

ग्राफिक्स कार्ड. दाविंची रिझॉल्व्हसारखं एडिटिंग सॉफ्टवेअर किंवा ब्लेंडर वापरत असाल तर उपयोग आहे. कॅनव्हा आणि टॅलीला नाही. आणि कार्डाचं नाव एकच असलं तरी प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्याला वीज किती मिळते ते वेगळं असतं. आरटीएक्स ४०५० कुठे ३५ वॉटवर चालतं, कुठे ११५ वॉटवर. नाव तेच, काम वेगळं. गेमिंग लॅपटॉप व्हिडिओसाठी पैशाला परवडतात, पण वजन जास्त आणि चार्जर काढला की ताकद निम्म्यावर आल्यासारखी वाटते. रोज गिऱ्हाइकाकडे घेऊन फिरायचं असेल तर विचार करा.

वॉरंटी. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्यांनी हे जास्त लक्ष देऊन बघा. ऑनसाइट आहे की कॅरी-इन? इंजिनियर तुमच्या गावात येतो का? सीझनच्या तोंडावर लॅपटॉप दहा दिवस सर्व्हिस सेंटरला पडून राहिला, तर वाचवलेले पाच हजार एका आठवड्यात जातात.

मॅक घ्यायचा का?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली. तेव्हा मॅकबुक एअरची भारतातली सुरुवातीची किंमत ९२,९०० रुपये होती. मार्च २०२५ मध्ये एम४ वाला एअर ९९,९०० पासून आला, तोही १६ जीबी रॅमसह. व्हिडिओ आणि डिझाईनसाठी ही मशीन खरोखर चांगली आहेत. बॅटरी टिकते, एअरमध्ये पंखाच नाही त्यामुळे आवाज नाही, आणि जुनी विकताना भाव बरा येतो.

पण दोन गोष्टी. रॅम नंतर वाढत नाही. आणि टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. मॅकवर ते थेट चालत नाही, मधे वेगळी सोय करावी लागते. तुमचा बारकोड प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर हे सगळं मॅकवर चालतं का, ते पैसे द्यायच्या आधी एकेक करून तपासा. फक्त कंटेंटचं काम असेल तर मॅक. दुकान आणि हिशोब त्याच मशीनवर असतील तर विंडोज.

पायरी ४: बिल, टॅक्स आणि ईएमआय

बिल धंद्याच्या नावावर आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. नंबर नसेल तर ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसणार नाही आणि क्रेडिट अडकेल. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाहीच, म्हणजे तुमच्यासाठी बिलाची पूर्ण रक्कम हाच खर्च.

पैसे बँकेतून द्या. एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी धरली जात नाही.

आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा मिळतो. १,००,००० चा लॅपटॉप पुढच्या वर्षी पुस्तकात ६०,०००, मग ३६,०००. पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. दर मार्चमध्ये कुणीतरी सांगतं, "टॅक्स वाचवायला लॅपटॉप घेऊन टाक." आता बघा. मार्चमध्ये १,००,००० चा घेतला, घसारा मिळाला २०,०००. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या वर्षी टॅक्स वाचला सुमारे ४,०००. चार हजार वाचवायला एक लाख बाहेर काढले. आणि तुम्ही अंदाजित नफ्यावर रिटर्न भरत असाल, तर घसारा वेगळा मिळतच नाही. तुमच्या सीएला एक फोन करा.

"नो कॉस्ट ईएमआय" ही बऱ्याचदा पूर्ण नो कॉस्ट नसते. व्याजाएवढा डिस्काउंट दाखवतात, पण त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, वर प्रोसेसिंग फी. रोख घेतला तर मिळणारी सूट जाते ती वेगळीच. म्हणून दुकानदाराला दोन्ही आकडे विचारा: आज एकरकमी किती, आणि ईएमआयने एकूण किती. आणि धंद्याची पहिली कमाई यायच्या आधी हप्ता सुरू होणार असेल, तर तो हप्ता तुमच्या भांडवलातूनच जातो हे विसरू नका.

मधला रस्ताही असतो

जुन्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाकून बघा. काही हजारांत मशीन नव्यासारखं चालायला लागतं. दुसरा पर्याय रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉपचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी दुकानं ओळीने आहेत. पण त्यात एक बघायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा कितीही स्वस्त मिळाला तरी, ज्यावर बँक आणि जीएसटीचं काम करणार, असा लॅपटॉप घेऊ नका.

त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला तीन प्रश्न विचारले. आज हातात गिऱ्हाईक किती? "दोन." शूट कशावर करतोस? "मोबाईलवर." लॅपटॉप घेतल्यावर हातात किती उरतील? त्याने मनात वजाबाकी केली आणि गप्प झाला. ६५,०००. त्यात लाईट, ट्रायपॉड, माईक, गाडीचं पेट्रोल आणि घरखर्च. मी त्याला म्हटलं, "अरे, मुद्रा कर्जात शिशु गटाची मर्यादाच ५०,००० आहे. तेवढ्यावर लोक अख्खा धंदा उभा करतात. तू त्याच्या जवळजवळ तिप्पट एका वस्तूत घालतोयस."

त्याने तीन महिने चुलतभावाचा जुना लॅपटॉप आणि मोबाईलवरचं ॲप यावर काम केलं. या काळात त्याचं एक गिऱ्हाईक गेलं. एका सराफाला पाडव्याच्या आदल्या दिवशी रील हवी होती, मशीन दोनदा बंद पडलं, रील वेळेत गेली नाही. ते नुकसान माझ्या सल्ल्यामुळे झालं, हे मी मान्य करतो. पण तोपर्यंत त्याच्याकडे दुसरी सहा गिऱ्हाइकं महिन्याच्या बांधणीवर होती, आणि मशीन नक्की कुठे कमी पडतं ते त्याला अनुभवाने कळलं होतं. चौथ्या महिन्यात त्याने ९२,००० चा घेतला. एच प्रोसेसर, १६ जीबी, रॅमचा एक स्लॉट रिकामा. फोटोतला तो पातळ, चंदेरी नाही. थोडा जाडा, काळा. पैसे मात्र सगळे स्वतःच्या कमाईतले, हप्ता नाही.

आजचा गृहपाठ

एक वही घ्या. सात दिवस, लॅपटॉप किंवा मोबाईल अडकल्यामुळे तुमचा जेवढा वेळ नुसता बसून जाईल, तेवढा लिहा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा, चारने गुणा, तुमच्या तासाच्या किमतीने गुणा. दोन लॅपटॉपच्या किमतीतल्या फरकाला ४८ ने भागा. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा.

आकडा हो म्हणत असेल, तर बिनधास्त घ्या, कुणी उधळपट्टी म्हटलं तरी. नाही म्हणत असेल, तर तेवढे पैसे मालात घाला, मशीनमध्ये घाला, नाहीतर बँकेत राहू द्या. धंद्याच्या पहिल्या वर्षात हातात असलेले पन्नास हजार रुपये कुठल्याही प्रोसेसरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि घरातलं सोनं ठेवून घ्यायची वेळ येत असेल, तर आधी ही वही त्या माणसाला दाखवा, ज्याचं ते सोनं आहे. मी दाखवली नव्हती.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा.